शासकीय सेवेचा उमेदवार आणि त्याचा निबंध

(तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी भरविलेल्या एका सभेत एका निवृत्त उपजिल्हाधिकाऱ्यांनी केलेले भाषण. सभेस परिसरातील शिक्षक, तालुका स्तरावरील अधिकारी आणि ग्रामपंचायतींचे सदस्य उपस्थित होते.)



गेली चार वर्षे मी दर रविवारी सकाळी या अभ्यासिकेत येतो. येथील मुले-मुली आपले निबंध मला दाखवितात आणि मी ते वाचून त्यांवर शेरे लिहितो. एवढेच माझे काम आहे, आणि आज येथे बोलण्याचा माझा अधिकारही तेवढाच आहे. मी कोणत्याही आयोगाचा परीक्षक कधी नव्हतो. कोणत्या उत्तरपत्रिकेला किती गुण का मिळाले, हे मी सांगू शकत नाही. तसे सांगणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या जाहिराती एस. टी. स्थानकाच्या भिंतीवर आपण पाहतच असाल.

निबंधाचा विषय आजच का निघाला, ते प्रथम सांगितले पाहिजे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत १९९३ पासून निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. २०१३ पासून तिला २५० गुण आहेत आणि २०१४ पासून तीन तासांत एकाऐवजी दोन निबंध लिहावे लागतात. आपल्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा मात्र २०१२ पासून मुख्यत्वे वस्तुनिष्ठ झाली होती. चार पर्यायांतून एक निवडावयाचा आणि वर्तुळ काळे करावयाचे, अशी ती रीत होती. ती बदलून वर्णनात्मक पद्धती आणण्याचे ठरले, तेव्हा २०२३ च्या प्रारंभी पुण्यात उमेदवारांनी आंदोलन केले. त्यांची मागणी बदल रद्द करण्याची नव्हती, तयारीसाठी अवधी मिळावा एवढीच होती. तो मिळाला आणि २०२५ च्या परीक्षेपासून नवी योजना लागू झाली. तीतही निबंधाला २५० गुण आहेत. मुलाखत सोडून लेखी परीक्षेचे गुणवत्तेसाठी धरले जाणारे गुण १७५० आहेत. म्हणजे सातवा हिस्सा केवळ निबंधाचा झाला.

आता या तालुक्यातील एखाद्या उमेदवाराची स्थिती पाहा. शाळेत त्याने 'माझा आवडता ऋतू' लिहिला, तोही मार्गदर्शकातून पाठ करून. महाविद्यालयात प्रश्नोत्तरांच्या तयार पुस्तिका होत्या. त्यानंतर पाच-सहा वर्षे त्याने वर्तुळे काळी केली. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याच्यासमोर कोरा कागद येतो आणि एका विषयावर हजार-बाराशे शब्द स्वतःचे लिही, असे त्यास सांगितले जाते. तो गोंधळतो यात त्याचा काय दोष? शिक्षक बंधूंनी रागावू नये, परंतु हा प्रश्न मी त्यांच्याकडे ठेवून पुढे जातो.

माझीच एक गोष्ट सांगतो. १९८४ च्या सुमारास मी जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेऊन परीक्षेची तयारी करीत होतो. मराठीचे एक वयोवृद्ध शिक्षक आम्हा चार-पाच मुलांचे लेखन विनामूल्य तपासत. त्यांनी 'महाराष्ट्रातील दुष्काळ' हा विषय दिला. मी सहा पृष्ठे लिहिली. आरंभी निसर्गाचे रौद्र रूप होते, मध्ये भेगाळलेली धरणीमाता होती आणि शेवटी नव्या पहाटेची आशा होती. सरांनी निबंध वाचून बाजूला ठेवला आणि विचारले, "बहात्तर साली तू कुठे होतास?"

"गावी होतो, सर."

"काय करीत होतास?"

"आईबरोबर खडीवर जात होतो."

"मग ते या सहा पानांत कुठे आहे?"

मी म्हणालो, "सर, ते लिहावयाचे असते का?"

सर हसले नाहीत. "जा, पुन्हा लिही," एवढेच म्हणाले. १९७२ साली मी दहा वर्षांचा होतो. रस्त्याच्या कामावर आई खडी फोडीत असे आणि मी पाट्या भरत असे. दुपारी सुकडी मिळे. घरी मिलोची लाल भाकरी असे. दुसऱ्या आठवड्यात मी हे सारे लिहिले. आईच्या हातांवरचे घट्टे लिहिले, सुकडीचा वास लिहिला, आठ पृष्ठे भरली आणि मोठ्या अभिमानाने वही सरांपुढे ठेवली. तीही त्यांनी परत केली! "आता हे आत्मवृत्त झाले," ते म्हणाले. "परीक्षकाने तुझ्यावर दया करावी, अशी तुझी अपेक्षा आहे काय? खडीचा ढीग दाखविलास, ठीक. त्या ढिगाला मजुरी कोण देत होता? कोणत्या पैशातून? आणि खडीच का, विहीर का नाही?"

या तीन प्रश्नांनी मला ग्रंथालयात पाठविले. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना कशी मांडली, १९७५ साली राज्यात व्यवसाय कराचा कायदा कसा झाला आणि त्या कराचा पैसा या हमीच्या पाठीशी कसा उभा राहिला, रोजगार हमीचा कायदा १९७७ साली होऊन २६ जानेवारी १९७९ पासून कसा अमलात आला, हे सर्व मी तेव्हा प्रथम वाचले. मुंबईतील पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी लहानशी रक्कम आणि गावोगावच्या कामांवरील हजेरीपत्रक यांचा परस्परांशी संबंध आहे, हे समजले तेव्हा मला जो आनंद झाला तो मी अद्याप विसरलेलो नाही. तिसऱ्या वेळी निबंधात खडीचा उल्लेख अर्ध्या पृष्ठाचा होता. उरलेल्या भागात दुष्काळी काम व रोजगाराचा हक्क यांत कोणता फरक आहे, ग्रामीण मजुराच्या हक्कासाठी नागरी पगारदाराने का द्यावे, आणि मजुरी देताना टिकाऊ मालमत्ता निर्माण झाली नाही तर तोच मजूर पुढच्या दुष्काळात पुन्हा खडीवर कसा येतो, याची चर्चा होती. सरांनी वहीवर फक्त तारीख घातली. ते प्रसन्न असले म्हणजे तारीख घालीत.

हा प्रसंग मी विस्ताराने सांगितला, कारण निबंधाविषयी मला जे काही कळते ते बहुतेक सारे त्या तीन आठवड्यांत कळले. अनुभव नसलेला निबंध कोरडा होतो हे खरेच. पण केवळ अनुभवाचा निबंध वाचकाला त्याच गावात सोडून निघून जातो. अनुभवातून प्रश्न निघावा, प्रश्नातून वाचन व्हावे आणि वाचनातून मत तयार व्हावे. हा क्रम उलटा करून आधी मत आणि मग त्याला शोभेल असा अनुभव रचू लागलात, तर ते वाचणाऱ्यास कळते. मला कळते, तर परीक्षकास का कळू नये?

केंद्रीय आयोगाने निबंधाविषयी उमेदवारांना दिलेली सूचना अवघ्या दोन-तीन वाक्यांची आहे. विषयाला घट्ट धरून राहा, विचार सुसंगत क्रमाने मांडा, थोडक्यात लिहा, आणि परिणामकारक व नेमक्या अभिव्यक्तीला श्रेय दिले जाईल, असा तिचा आशय आहे. तीत अवतरणांचा उल्लेख नाही, आकडेवारीचा नाही, काव्यपंक्तींचाही नाही. तरीही या अभ्यासिकेत मी पाहतो तो प्रत्येक नवा विद्यार्थी प्रथम कोणती वही तयार करतो? थोरांच्या अवतरणांची! महात्मा गांधींच्या नावावर त्या वहीत अशी काही वाक्ये आढळतात की ती गांधीजींनी स्वतः वाचली असती तर चकित झाले असते. ज्या वाक्याचे मूळ ठिकाण आपणांस ठाऊक नाही ते अवतरणचिन्हात घालू नये, हा नियम मी येथे कठोरपणे पाळावयास लावतो. शासकीय टिप्पणीत अस्तित्वात नसलेल्या शासन निर्णयाचा हवाला देणाऱ्या लिपिकास आपण काय म्हणतो, हे येथील अधिकाऱ्यांना विचारा.

विषयाला धरून राहणे म्हणजे काय, हे उदाहरणाने पाहू. मागील महिन्यात मी मुलांना असा विषय दिला होता : 'ग्रामपंचायत - लोकशाहीची शाळा की योजनांची शेवटची पायरी?' सरपंच मंडळी उपस्थित आहेत म्हणून मुद्दाम हाच घेतो. बावीस निबंध आले. त्यांपैकी चौदांचा आरंभ 'भारत हा खेड्यांचा देश आहे' या वाक्याने झाला होता. या वाक्यात असत्य काही नाही, परंतु त्यानंतर पंचायतीवर लिहा, शेतीवर लिहा, साथीच्या रोगांवर लिहा, कोणताही निबंध येऊ शकतो. ज्या वाक्यानंतर कोणताही निबंध येऊ शकतो, ते वाक्य या निबंधाचे नव्हे. त्या चौदा जणांनी पुढे बलवंतराय मेहता समिती १९५७, वसंतराव नाईक समिती, १९६१ चा जिल्हा परिषद अधिनियम, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, असा इतिहास क्रमाने लिहिला. सनावळी बिनचूक होती. विषयातील 'की' या एका अक्षराकडे मात्र कोणी पाहिले नव्हते. प्रश्न तर त्या 'की' मध्येच आहे.

एका मुलीने तो पाहिला. तिचे नाव सांगत नाही, ती येथेच बसली आहे आणि संकोचेल. तिने आपल्या गावच्या ग्रामसभेने आरंभ केला. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. ती संख्या भरली नाही म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, म्हणून ती पुढे उरकली गेली. (सरपंच मंडळी हसत आहेत, म्हणजे हे वर्णन एकाच गावाचे नसावे.) त्यानंतर तिने विचारले की, लोक का येत नाहीत? उदासीनता हे सोपे उत्तर तिने घेतले नाही. तिने लिहिले की, जेथे निर्णय व्हावयाचा नाही तेथे माणूस मजुरी बुडवून का येईल? पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील होता आणि ४० टक्के अबांधील होता, ही गोष्ट तिने येथे आणली. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण अनुच्छेद २४३-छ प्रमाणे ते अधिकार राज्य विधिमंडळ कायद्याने देऊ शकते, दिलेच पाहिजेत असे त्यात नाही, हेही तिने नोंदविले. २४३-छ मधील त्या शब्दाकडे मी स्वतः तीस वर्षांच्या सेवेत इतक्या बारकाईने पाहिले नव्हते.

मग तिने स्वतःच्या म्हणण्याविरुद्ध पुरावा घेतला. मला सर्वांत आवडले ते हेच. बांधील निधीमुळेच कित्येक गावांत पाण्याला पैसा मिळाला, अन्यथा तो सभागृहाच्या फरशीवर गेला असता, हे तिने मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखाचे उदाहरण घेतले. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने आपल्या हाती घेणाऱ्या त्या गावाची ग्रामसभा कोणा योजनेची पायरी म्हणून उभी राहिलेली नव्हती, आधीच्या अनेक वर्षांच्या सर्वसहमतीच्या सवयीतून उभी राहिली होती. तेव्हा सवय आधी की अधिकार आधी, असा नवा प्रश्न निर्माण झाला. तिचे उत्तर असे होते की, अधिकार थोडे आधी द्यावे लागतात, कारण सवय लागावयास काहीतरी निर्णय घेण्याजोगे हातात असावे लागते. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही. मला स्वतःला ते पूर्णपणे पटलेले नाही. पण उत्तर तिचे होते आणि कोणत्या वाटेने ती तेथे पोहोचली ते दिसत होते. परीक्षकाने याहून अधिक काय मागावे?

येथे विद्यार्थी हमखास विचारतात : शासनाच्या धोरणावर टीका केली तर गुण जातात काय? हा प्रश्न विचारण्यामागे एक समजूत आहे की, शासकीय सेवेसाठी लिहावयाचे म्हणजे शासनाची स्तुती करावयाची. मी त्यांना १९ ऑक्टोबर १८८२ रोजीचे महात्मा फुले यांचे हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदन वाचावयास सांगतो. ते इंग्रजीत सादर केलेले होते आणि आता मराठीतही उपलब्ध आहे. शासनाच्या शिक्षणविषयक धोरणावर त्यात कठोर टीका आहे. उच्च शिक्षणावर खर्च होणारा पैसा येतो कोठून, तर शेतकऱ्याच्या घामातून, आणि त्याच्या मुलाला मात्र प्राथमिक शाळाही नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. परंतु मांडणी पाहा. आरंभीच ते आपला अनुभव मुख्यतः पुणे व आसपासच्या खेड्यांपुरता आहे असे सांगून मर्यादा आखून घेतात. ती आखून घेतल्यामुळेच पुढचे प्रत्येक वाक्य वजनदार होते. टीका झाल्यावर ते थांबत नाहीत. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, प्रमाणपत्र मिळविलेल्या शिक्षकाचे वेतन बारा रुपयांपेक्षा कमी नसावे, मोठ्या गावांत ते पंधरा-वीस रुपये असावे, अशा बाबी ते रुपयांत सांगतात. ज्याला दुसऱ्या दिवशी आदेश काढावयाचा आहे त्याच्या उपयोगी पडेल अशी ती टीका आहे. गुणांचे मला ठाऊक नाही, पण शासनात बसणाऱ्या माणसाला अशीच टीका करता आली पाहिजे. उद्या त्याच्याच टेबलावर ती येणार आहे.

भाषेविषयी मी थोडेच बोलणार आहे, कारण भाषेवर बोलणे मला फार आवडते आणि वेळ कमी आहे. १९७९ पासून नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीतून देता येते. त्यामागे कोठारी समितीची शिफारस होती. मार्च २०१३ मध्ये प्रादेशिक भाषांच्या माध्यमावर नव्या अटी घालण्यात आल्या, तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून विरोध झाला आणि त्या मागे घेण्यात आल्या. हक्क आहे, तो झगडून राखलेला आहे. तरीही 'मराठीतून लिहू का' असे मला विचारणारा विद्यार्थी जणू परवानगी मागत असतो. ज्या भाषेत तुम्ही वाद घालता, हिशेब करता आणि रागावता, त्या भाषेत लिहा. ती इंग्रजी असेल तर इंग्रजीत लिहा. त्यात कमीपणा नाही आणि मोठेपणाही नाही. मात्र मराठीतून लिहावयाचे तर मराठी वाचावी लागते. केवळ अनुवादित टिपणांवर वाढलेली मराठी लंगडत चालते.

दुसरा दोष उलट बाजूचा. आपण शासकीय सेवेत जाणार म्हणून काही मुले आधीपासूनच 'सदर', 'उपरोक्त', 'त्या अनुषंगाने', 'कार्यवाही करण्यात यावी' असे लिहू लागतात. हे शब्द आम्ही फार वापरले आणि त्यांनी आम्हाला पुष्कळ ठिकाणी वाचविलेही. 'करण्यात आले' म्हटले की कोणी केले हे सांगावे लागत नाही! निबंधात मात्र कर्ता लपवू नका. धरण कोणी बांधले, जमीन कोणाची गेली, पाणी कोणाला मिळाले, ही वाक्ये कर्त्यासह लिहा. तसे लिहू लागताच आपणांस काय ठाऊक नाही तेही आपोआप कळते.

हाताचाही अभ्यास लागतो. तीन तास सलग लिहिण्याची सवय आता कोणालाच उरलेली नाही. पहिल्या निबंधावर पावणेदोन तास घालवून दुसरा धावत-पळत संपविलेली वही मी कितीतरी वेळा पाहतो. दोन्ही निबंधांचे गुण सारखे असतात, एवढी गोष्ट घड्याळाकडे पाहताना आठवावी. आरंभीची पंधरा-वीस मिनिटे काहीही न लिहिता कच्च्या मुद्द्यांवर घालविणे मुलांना जड जाते, कारण शेजारचा उमेदवार लिहीत सुटलेला असतो.

आता अर्जाकडे येतो. निबंध ही एक परीक्षा आहे, पण उमेदवाराने स्वतःविषयी लिहिलेला पहिला मजकूर म्हणजे त्याचा सविस्तर अर्ज होय. मुलाखत मंडळापुढे उमेदवाराच्या कारकिर्दीची माहिती असते आणि बहुतेक संभाषण तीवरूनच सुरू होते. त्या अर्जातील छंदांच्या रकान्यात येथील दहांपैकी आठ जण 'वाचन, प्रवास, क्रिकेट' लिहितात. कोणते पुस्तक वाचले असे विचारले की स्पर्धा परीक्षेचे पुस्तक सांगतात. प्रवास म्हणजे तालुका ते पुणे! एका मुलीच्या अर्जाच्या मसुद्यात मी असेच पाहिले. बोलता बोलता कळले की तिची आई महिला बचत गटाची अध्यक्ष आहे, आईला लिहिता येत नाही आणि नववीपासून गटाचे हिशेब ही मुलगी ठेवते. कोणत्या महिन्यात परतफेड थकते, खरिपाच्या पेरणीला कर्ज का वाढते, लग्नसराईत काय होते, सारे तिला तोंडपाठ होते. मी विचारले, हे अर्जात का नाही? ती म्हणाली, "सर, हे घरचे काम आहे." मला माझी खडी आठवली. तिने रकान्यात शेवटी 'बचत गटाचे हिशेब लेखन' असे चार शब्द लिहिले.

या बाबतीत अतिशयोक्ती करू नये, हे सांगावयास हवे. एक शिबिर केले असेल तर 'समाजकार्य' लिहू नये. अर्जात दिलेली माहिती खोटी ठरली तर उमेदवारी जाते, आणि केवळ फुगविलेली ठरली तर मुलाखतीच्या खोलीत घाम फुटतो.

आणि येथील अधिकारी मित्रांना एक विनंती. नॉन-क्रीमिलेअर, जात, अधिवास, दिव्यांगत्व यांची प्रमाणपत्रे विशिष्ट तारखेपर्यंतची लागतात. उमेदवाराने वेळेत अर्ज केला असेल आणि आपल्या कार्यालयात तो एका सहीसाठी पडून राहिला असेल, तर त्याच्या उत्तम निबंधाला काही अर्थ उरत नाही. मी सेवेत असताना माझ्याही टेबलावर असे अर्ज राहिले होते. त्यांतील एकाने पुढे मला भेटून शांतपणे सांगितले की, त्या वर्षी त्याची वयोमर्यादा संपली. त्याला काय उत्तर द्यावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही.

एक नवी अडचण गेल्या दोन-तीन वर्षांत आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला विषय सांगितला की ते क्षणात निबंध लिहून देते. मुले तो वहीत उतरवून माझ्याकडे आणतात. अमेरिकेच्या संघराज्य शासनाने मे २०२५ मध्ये नोकरीच्या अर्जासोबत प्रत्येकी दोनशे शब्दांपर्यंतची चार लघुनिबंधवजा उत्तरे मागविण्याची योजना जाहीर केली, तेव्हा उत्तरे स्वतःची आहेत आणि अशा यंत्राची वा सल्लागाराची मदत घेतलेली नाही असे प्रतिज्ञापनही त्यात ठेवले होते. आपल्याकडे परीक्षागृहात यंत्र नेता येत नाही, म्हणून प्रश्न परस्पर सुटतो असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. यंत्राच्या निबंधात चूक काढणे कठीण असते, म्हणून मुलाला वाटते की आपण चांगले लिहिले. तीन महिने असे गेले की त्याचा स्वतःचा पहिला वाईट निबंध लिहावयाचा राहूनच जातो. त्या वाईट निबंधाशिवाय पुढचा मार्ग नाही. यंत्राकडून माहिती तपासून घ्या, आक्षेप विचारून घ्या, परंतु पहिला मसुदा स्वतःच्या हाताने लिहा. तो वाईट असेल. असू द्या.

शेवटचा विषय पंचायत सदस्यांसाठी. गेल्या काही वर्षांत अनेक गावांनी अभ्यासिका काढल्या. खुर्च्या आल्या, पंखे आले, दिवे आले, पुस्तकांचे संच आले. हे सोपे नव्हते आणि त्याबद्दल सदस्यांचे अभिनंदन केले पाहिजे. परंतु मुलगा तेथे बसून निबंध लिहितो, त्यानंतर तो निबंध वाचणार कोण? या तालुक्यात निबंध वाचून देणारे माझ्या माहितीत आम्ही तिघे आहोत, आणि एकास मोतीबिंदू झाला आहे. निबंध वाचण्यासाठी परीक्षेतील तज्ज्ञ असावे लागत नाही. 'हे वाक्य मला समजले नाही' आणि 'हे तू कशावरून म्हणतोस' एवढे दोन शेरे प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस पुरे. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, कृषी सहायक आहेत. आठवड्याला दोन वह्या प्रत्येकाने घेतल्या तरी चालेल.

निवडीविषयी कोणाला खोटी आशा मी दाखविणार नाही. पदे थोडी आणि उमेदवार लाखांनी आहेत. या खोलीतील बहुतेकांची निवड होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मागील वर्षी निवड न झालेला येथील एक विद्यार्थी आता गावी शेती करतो. पीक विम्याच्या नुकसानभरपाईबाबत गावाच्या वतीने त्याने लिहिलेला अर्ज मी पाहिला. दीड पृष्ठाचा होता. गट क्रमांक, पेरणीची तारीख, पावसाचा खंड, पंचनाम्याची तारीख आणि मागणी, एवढेच होते. मी सेवेत असतो तर तो अर्ज पहिल्यांदा हातात घेतला असता.

वेळ झाली आहे. ज्यांना वह्या घेऊन जाण्याची इच्छा असेल त्यांनी ग्रंथपालांकडे नाव द्यावे. आज त्यांच्या कपाटात एकोणीस न वाचलेल्या वह्या आहेत. आणि मागील महिन्याच्या बावीस निबंधांपैकी तिघांच्या वह्या अजून माझ्याकडेच आहेत, त्या मी आज आणल्या आहेत. त्यांतील एकीवर शेरा नाही, फक्त तारीख आहे. ज्याची असेल त्याने सभेनंतर मला भेटावे.